सापडला म्हणता, पण कशावर?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘डॅड्स आर्मी’ या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेचा हरवलेला एक भाग सापडल्याची कुजबुज सुरू असल्याचे छोटेसे टिपण आले होते. इंग्लंडमध्ये कुणाच्या तरी घरी त्या भागाची ‘मूळ टेप’ सुखरूप असून ती लवकरच बीबीसीच्या स्वाधीन केली जाईल, ‘असे कळते’, या शब्दांत ते संपले आहे. मी आयुष्याची बरीच वर्षे चित्रफितींच्या कपाटांपुढे काढली आहेत आणि या मालिकेचा जुना चाहताही आहे. त्यामुळे ‘असे कळते’ या शब्दांपेक्षा ‘मूळ टेप’ हे शब्द मला जास्त खटकले. त्या दोन शब्दांमुळे ती बातमी स्वतःचेच पाय स्वतः तोडते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडी जागा मागतो.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी तिची ओळख करून देतो. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य कोणत्याही दिवशी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल अशी धास्ती असताना, वयामुळे किंवा अन्य कारणांनी सैन्यात जाऊ न शकलेल्या पुरुषांना स्थानिक रक्षणासाठी नाव नोंदवण्याचे आवाहन युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून केले. त्यातून जे दल उभे राहिले तेच पुढे ‘होम गार्ड’ म्हणून ओळखले गेले. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक समुद्रकाठच्या गावातील अशाच एका तुकडीची ही गोष्ट आहे. बँकेचा व्यवस्थापक स्वतःच कॅप्टन होतो, त्याचा सुसंस्कृत आणि सुस्त हाताखालचा कारकून सार्जंट होतो, आणि गावातला खाटीक लान्स कॉर्पोरल. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीने ती लिहिली. पेरी स्वतः तरुणपणी होम गार्डमध्ये होते, हे पात्रांच्या बारीकसारीक सवयी पाहताना जाणवत राहते. ३१ जुलै १९६८ रोजी पहिला भाग दिसला आणि १९७७ मध्ये नववे पर्व संपेपर्यंत ८० भाग झाले. त्यांपैकी ७७ आज पाहता येतात. उरलेले तीन भाग १९६९ च्या दुसऱ्या पर्वातले आहेत आणि सगळ्या वावड्या त्या तिघांभोवतीच उठतात.

ते तीन भाग म्हणजे १५ मार्च १९६९ रोजी दाखवलेला ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स वॉकर’, २९ मार्चचा ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’ आणि ५ एप्रिलचा ‘अंडर फायर’. यांतल्या पहिल्या भागाची हुरहुर चाहत्यांना सर्वांत जास्त आहे आणि तिला कारणही आहे. काळ्या बाजारात हात असलेला जो वॉकर हा या तुकडीचा जणू कोठारप्रमुख. कुणाला व्हिस्की, कुणाला साखर, कुणाला लोणी पुरवणारा. त्यालाच सैन्यात भरतीचा हुकूम येतो आणि आता आपल्या गरजा कोण भागवणार या चिंतेने अख्खी तुकडी त्याला सोडवायला धावते, असे त्याचे कथानक आहे. वॉकरची भूमिका करणारे जेम्स बेक १९७३ मध्ये, मालिका ऐन भरात असताना, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी गेले. ज्या भागात ते खऱ्या अर्थाने केंद्रस्थानी होते, नेमका तोच आज नाही.

आता मुद्द्याकडे येतो. हे भाग ‘हरवले’ असे आपण म्हणतो, पण ते कपाटामागे पडले नाहीत किंवा कुणी चोरून नेले नाहीत. ते पुसले गेले. त्या काळी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या टेपवर मुद्रित होत. अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या यंत्रांवर चालणाऱ्या या टेपची एक-एक चकती हातात घेतली तर खांदा भरून यावा अशी वजनदार आणि किमतीनेही तितकीच जड होती. पण तिचा गुण असा की ती पुसून पुन्हा वापरता येत असे, आणि हिशेब तपासणाऱ्या माणसाला तिच्यात दिसे तो एवढाच गुण. त्यात कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांनुसार एखादा कार्यक्रम ठरावीक मुदतीत ठरावीक वेळाच पुन्हा दाखवता येई. ती मुदत उलटली की नव्याने परवानग्या आणि नव्याने मानधन आले. घरोघरी व्हिडिओ नव्हता, जुने कार्यक्रम विकत घेऊन लोक पाहतील ही कल्पनाही कुणाच्या स्वप्नात नव्हती. आणि १५ नोव्हेंबर १९६९ पासून बीबीसीची पहिली वाहिनीही रंगीत झाल्यावर कृष्णधवल मुद्रणाला परदेशातही गिऱ्हाईक उरेना. ‘डॅड्स आर्मी’ची पहिली दोन पर्वे कृष्णधवल होती, तिसऱ्यापासून ती रंगीत झाली. घाव नेमका दुसऱ्या पर्वावर पडला यामागे हा कालक्रम आहे.

यात कुणा एकाला खलनायक ठरवण्याची हौस मला नाही. बीबीसीत फिल्मचे ग्रंथालय होते आणि ते फिल्म सांभाळत असे. टेप मात्र अभियांत्रिकी विभागाकडे असत आणि त्या विभागाच्या दृष्टीने टेप म्हणजे पुढच्या चित्रीकरणासाठी लागणारा कच्चा माल. जतन करण्याची जबाबदारी नावानिशी कुणाकडेच नव्हती. १९७८ च्या सुमारास फिल्म आणि चित्रफिती अशा दोन्हींचा सांभाळ एकाच ग्रंथालयाकडे आला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. तोवर ‘हँकॉक्स हाफ अवर’, ‘द लाइकली लॅड्स’, ‘टिल डेथ अस डू पार्ट’ अशा कितीतरी विनोदी मालिकांचे भाग गेले होते. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’च्या टेप पुसू नका, हवे तर त्यांची किंमत आम्ही मोजतो, अशी विनवणी खुद्द कुक यांनी केली होती आणि तरीही त्या पुसल्याच गेल्या, ही हकिकत तर तिकडे वारंवार सांगितली जाते.

म्हणूनच ‘मूळ टेप सापडली’ हे वाक्य मला खटकले. दुसऱ्या पर्वाच्या त्या भागांची मूळ टेप म्हणजे ज्यावर नंतर दुसराच कुठला तरी कार्यक्रम मुद्रित झाला ती टेप. ती कुणाच्या घरी सापडली तरी तिच्यावर वॉकर नसणार. सापडू शकते ती फिल्मवरची नक्कल. परदेशातील वाहिन्यांना विकण्यासाठी बीबीसी खास पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून टेपवरच्या कार्यक्रमांच्या फिल्म-प्रती काढत असे. या बहुधा १६ मिमी फिल्मच्या प्रती डब्यांत भरून देशोदेशी जात, तिकडचे प्रक्षेपण झाले की परत येत, दुसऱ्या देशात पुढे जात, नाहीतर तिथल्या तिथे नष्ट करायच्या असत. आणि ‘नष्ट करायच्या’ या सूचनेचे पालन जगात कुठेच शंभर टक्के होत नाही. आजवर जे काही परत मिळाले आहे, त्यातले बरेचसे या आळसाच्या पुण्याईवर.

दुसऱ्या पर्वातील ‘ऑपरेशन किल्ट’ आणि ‘द बॅटल ऑफ गॉडफ्रीज कॉटेज’ हे दोन भागही असेच गेले म्हणून धरले होते. २००१ मध्ये ते परत मिळाले. सत्तरच्या दशकात एल्स्ट्री स्टुडिओबाहेर टाकून दिलेल्या कचऱ्यातून कुणीतरी ते फिल्मचे डबे उचलले होते आणि ते वर्षानुवर्षे बागेतल्या खोपटात गंजत पडले होते. या शोधात चमकदार असे काहीच नाही. ना तिजोरी, ना गुप्त संग्राहक, ना लिलाव. खरा शोध असाच कळकट असतो, आणि त्याची बातमी येते तेव्हा डबे तज्ज्ञांच्या टेबलावर पोहोचलेले असतात. अफवेचे याच्या उलट असते. तिच्यात माणूस असतो, घर असते, आणि डबा तेवढा नसतो.

मी जिथे काम केले, तिथे पुन्हा वापरलेल्या कॅसेटवर जुन्या चिकटपट्टीवरच नवी पट्टी लावण्याची पद्धत होती. एखाद्या खोक्यावर पाच-पाच थर साचत. आतली फीत यंत्रावर लावेपर्यंत वरची पट्टी खरी की खालची, हे कुणीच सांगू शकत नसे. एकदा एका दिवंगत गायकाची दुर्मीळ मुलाखत म्हणून जपून ठेवलेल्या कॅसेटमध्ये बेसनाच्या वड्या करण्याची कृती निघाली. ती जपली गेली याबद्दलही तक्रार नाही. पण तेव्हापासून नुसत्या नावावर विश्वास ठेवायचे मी सोडले.

अफवेला दर वेळी पुसलेली टेपच लागते असेही नाही. बीबीसीच्याच ‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी मालिकेचे अवघे बारा भाग आहेत, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, आणि बाराही शाबूत आहेत. तरी त्या मालिकेच्याही न दाखवलेल्या भागाबद्दल मी लोकांना पैजेवर बोलताना ऐकले आहे. अशा समजुतीला खतपाणी कुठून मिळत असावे याचा अंदाज करता येतो. दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग मार्च १९७९ मध्ये दिसला आणि कर्मचाऱ्यांच्या संपामुळे शेवटचा ‘बॅसिल द रॅट’ थेट २५ ऑक्टोबरला. सात महिने पर्व अपुरे पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात ‘एक भाग राहिला’ हे पक्के बसले असेल तर नवल नाही. पुढे जून २०२० मध्ये ‘द जर्मन्स’ हा भाग एका ब्रिटिश स्ट्रीमिंग सेवेवरून काही दिवस काढला गेला आणि सूचना जोडून पुन्हा दाखल झाला. काढलेला आणि हरवलेला यांत फरक आहे. एकाची चिंता वकिलाला, दुसऱ्याची संग्रहपालाला.

इथे कुणी म्हणेल की एका जुन्या विनोदी मालिकेच्या अफवेने कुणाचे काय बिघडते? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एवढ्यावर हसून सोडून द्यावे. पण बिघडते. ज्याच्याकडे खरोखर एखादा डबा असेल त्याला ही गवगवा करणारी बातमी घाबरवते. जुन्या फिल्म जमवणाऱ्यांची भीती निराधार नाही. प्रसिद्ध विनोदी कलाकार बॉब मंकहाउस यांच्यावर फिल्मसंग्रहावरूनच १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला होता. ते निर्दोष सुटले, पण जमवणाऱ्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल तो घेतलाच. मंकहाउस २००३ मध्ये वारले, आणि त्यांच्या संग्रहात इतरत्र कुठेही न उरलेले रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम असल्याचे नंतर कुठे जगाला कळले. आता संस्थांचे धोरण पुष्कळ निवळले आहे. बीबीसीने २००१ मध्ये लोकांकडून जुनी मुद्रणे मागवण्याची जाहीर मोहीम काढली, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ या नावाने सापडलेल्या कार्यक्रमांचे खेळ करते. हा विश्वास हळूहळू बसलेला आहे. ‘लाखमोलाची टेप’ अशा मथळ्यांनी तो उसवतो, कारण मग डबा परत देण्याऐवजी भाव वाढण्याची वाट पाहावी असे एखाद्याला वाटू लागते.

दुसरे असे, की या तीन भागांबद्दल जे खरोखर हाती आहे ते अफवेहून कितीतरी सुरस आहे. तिन्हींच्या संहिता आहेत. १९७४ ते १९७६ या काळात मालिकेचे रेडिओ रूपांतर झाले आणि त्या ६७ भागांत या तिन्ही कथा बहुतांश मूळ कलावंतांच्या आवाजात आल्या. ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’च्या मूळ प्रक्षेपणाचे घरगुती ध्वनिमुद्रणही २००८ मध्ये पुढे आले आणि त्यावर चित्रे चढवून २०१६ मध्ये त्याची सचेतन आवृत्ती निघाली. २०१९ मध्ये गोल्ड वाहिनीने तिन्ही भाग नव्या नटांना घेऊन पुन्हा उभे केले. केव्हिन मॅकनॅली कॅप्टन मेनवेअरिंग झाले, रॉबर्ट बॅथर्स्ट सार्जंट विल्सन झाले. मूळ मालिकेत कॅप्टन झालेल्या आर्थर लो यांची ती फुगलेली, दुखावलेली प्रतिष्ठा दुसऱ्या कुणाला जमणार नाही असे माझे मत होते, अजूनही आहे. पण संहिता जिवंत असली की नाटक मरत नाही, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

‘रूम ॲट द बॉटम’ या भागाची कथा तर मला कुठल्याही सापडलेल्या डब्यापेक्षा प्यारी आहे. तिसऱ्या पर्वातला हा भाग रंगीत होता, पण रंगीत टेप पुसली गेली आणि उरली ती फक्त कृष्णधवल फिल्म-प्रत. ही प्रत काढताना रंगांचा संकेत गाळून टाकायचा राहून गेला होता. त्यामुळे करड्या चित्रावर नुसत्या डोळ्याला त्रास देणारी बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती. काही अभियंत्यांच्या ध्यानात आले की हे ठिपके म्हणजे बिघाड नाही, हरवलेले रंगच त्यात अडकून पडले आहेत. त्यांनी फिल्म अतिशय बारकाईने संगणकात उतरवली, ठिपक्यांवरून रंगांचा हिशेब पुन्हा मांडला आणि डिसेंबर २००८ मध्ये तो भाग बीबीसीवर रंगीत दिसला. कुणी कल्पनेने भरलेले रंग नव्हेत, १९६९ साली कॅमेऱ्याने टिपलेलेच रंग. आपल्या टिपणाच्या जागी याविषयी चार ओळी आल्या असत्या, तर पुरवणी मी जपून ठेवली असती.

या लेखकजोडीचा एक धागा आपल्याशीही जुळलेला आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. पेरी आणि क्रॉफ्ट यांची पुढची मालिका ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४ ते १९८१) सुरुवातीला घडते ती आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, ब्रिटिश तोफखान्याच्या छावणीतील करमणूक पथकात. पेरी लष्करात असताना देवळालीच्या अशा पथकात होते. मालिकेचे चित्रीकरण मात्र इंग्लंडमध्येच झाले, आणि झाशीला जन्मलेल्या मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून रंगवलेला रंगी राम आज पाहवत नाही, हेही सांगितले पाहिजे. इथे मुद्दा असा की या मालिकेच्या पहिल्या पर्वातील दोन भागही पुसले गेले होते आणि ते परत मिळाले ते ऑस्ट्रेलियातील प्रक्षेपणावरून घरी केलेल्या मुद्रणांमुळे. म्हणजे पुन्हा मूळ टेप नाहीच. दर वेळी कुणीतरी, कशावर तरी, बहुधा वाईट दर्जाची घेतलेली नक्कल. ‘स्टेप्टो अँड सन’ या बीबीसीच्या आणखी एका विनोदी मालिकेचे १९७० चे रंगीत भागही आज पाहायला मिळतात ते मुख्यतः लेखकद्वय गॅल्टन आणि सिम्प्सन यांच्यासाठी अर्ध्या इंची टेपवर काढून दिलेल्या कृष्णधवल प्रतींमुळे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे वाचताना मुंबई दूरदर्शनवरचे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आठवल्याशिवाय राहणार नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अवघ्या महाराष्ट्राला घरात बसवून ठेवणाऱ्या त्या मालिकेचे बहुतेक भाग आज उरलेले नाहीत, आणि तिथेही कारण टेपांचा पुनर्वापर हेच सांगितले जाते. तेव्हा आपल्याकडे घरगुती व्हिडिओ नव्हता, पण कॅसेट रेकॉर्डर पुष्कळ घरांत होते आणि टीव्हीच्या जाळीला माइक टेकवून कार्यक्रम ‘टेप’ करणारी माणसे मी पाहिली आहेत. ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’चा आवाज अशाच कुणा हौशी माणसामुळे राहिला.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी हाती आली तर सांगणाऱ्याला ‘कुणाकडे सापडली’ हे विचारण्याआधी ‘कशावर सापडली’ हे विचारावे. फिल्म आहे की टेप, किती मिलिमीटरची आहे, डब्यावर काय लिहिले आहे आणि ती यंत्रावर लावून कुणी पाहिली आहे का. उत्तर ‘मूळ टेप’ असे आले तर फोन खाली ठेवावा. आणि उत्तर ‘गंजलेला डबा आहे, झाकण निघत नाही’ असे आले, तर कृपया ती बातमी पहिल्या पानावर घ्यावी आणि मलाही कळवावे.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे